पेटीतलं ऊन

व्हर्नाने जुनं पोतं दुमडून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यापाशी टाकलं, त्यावर गुडघे टेकले आणि बॅटऱ्यांच्या पेटीचं झाकण दोन्ही हातांनी उचललं. आतून आंबट, घशाला टोचणारा वास आला. दोन काळ्या बॅटऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. तारांच्या टोकांशी पांढरा-हिरवा भुगा साचला होता आणि पेटीच्या तळाला ओल होती.

"चष्मा लाव," मागून हॉलिस म्हणाला.

"लावलाय की."

"तो वाचायचा. माझा लाव, कडांनी बंद असलेला."

ती उठली. हॉलिस घडीच्या खुर्चीत उन्हाकडे तोंड करून बसला होता. गुडघ्यांवर कांबळं, कांबळ्यावर चष्मा, आणि शेजारी वाळूत खायच्या सोड्याचा डबा. ॲसिड अंगावर उडालं तर आधी सोडा, मग पाणी, हे त्याने तिला सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. तिने चष्मा घेतला आणि परत पोत्यावर जाऊन बसली.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने ही पेटी कधी उघडली नव्हती. चाकं तिची आणि तारा त्याच्या, अशी त्यांची वाटणी होती. नेब्रास्कात ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे ट्रक, ट्रेलर, मागे घेणं, घाट उतरणं हे सगळं तिच्याकडे. हॉलिस बीटच्या साखर कारखान्यात होता. पंप, मोटारी, वायरी हे त्याचं. दर हिवाळ्यात ते दोघं ट्रेलर घेऊन ॲरिझोनाच्या या माळावर उतरायचे आणि वसंतात परत जायचे. इथे विजेचा खांब नाही, नळ नाही. ट्रेलरच्या टपावर दोन सौरपाट्या, पेटीत दोन बॅटऱ्या, सहा व्होल्टची एकेक, दोन्ही मिळून बारा. त्यावर दिवे, पाण्याचा पंप, आणि गेल्या शरदापासून हॉलिसचं मशीन.

आज पेटी उघडायची ती तिच्याच हट्टाने. पहाटे बाहेर आली तेव्हा तिला दांड्यावर ओला ओघळ दिसला होता. त्याच्याखाली रंग सुटून लोखंड उघडं पडलं होतं. हॉलिसने आधी नाहीच म्हटलं. मीटरवर सकाळचा आकडा बारा-पाच, म्हणजे साडेबारा व्होल्ट, आला ना, मग चालत्या गोष्टीला हात कशाला लावायचा, असं त्याचं म्हणणं. व्हर्ना म्हणाली की ती चालत्या बसचंच तेल बघायची, बंद पडलेल्या बसचं बघून उपयोग काय. त्यावर त्याने सोड्याचा डबा मागितला होता. त्याला वाकता आलं असतं तर त्याने तिला पेटीजवळ येऊ दिलं नसतं, पण आता वाकलं की त्याचा दम जायचा.

सकाळच्या आकड्याला त्यांच्या घरात मान होता. शरदात हॉलिस दवाखान्यातून सुटला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की झोपेत त्याला प्राणवायू कमी पडतो, रात्रभर मशीन लागेल, एकही रात्र चुकवायची नाही. मुलगा गॅरेट म्हणाला, आमच्याकडे चला, तळघरातली खोली रिकामी आहे, ट्रेलर विकून टाकू. निर्णय व्हर्नाने घेतला. आणखी एक हिवाळा माळावर, पण एका अटीवर. रोज पहाटे, पाट्यांवर ऊन पडायच्या आधी, ती दाराशी लावलेल्या मीटरवर बॅटऱ्यांचा आकडा बघणार. बारा-एकच्या खाली गेला की त्याच दिवशी गॅरेटला फोन. बारा-एकच्या खाली बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी असते, हे हॉलिसनेच तिला कधीकाळी शिकवलं होतं. अर्धी बॅटरी आज रात्र काढेल, पण उद्याच्या रात्रीची खात्री नाही. अट ऐकून हॉलिसने मान डोलावली होती.

तेव्हापासून रोज पहाटे तो अंथरुणातून विचारायचा, किती? आणि ती वाचायची. बारा-चार. बारा-पाच. ती थक्क व्हायची. काल दुपारी या दगडांवर, या वाळूवर जे ऊन सांडलं, त्यातलं दोन पाट्यांपुरतं या पेटीत उतरलं, आणि रात्रभर एका म्हाताऱ्या माणसाच्या नाकाशी श्वास होऊन आलं. आणि एवढं करूनही सकाळी पेटी जवळजवळ भरलेली. गॅरेटला ती फोनवर हे सांगायची तेव्हा तिचा आवाज देवळातून आल्यासारखा असायचा.

"सगळी बुचं काढ," हॉलिस म्हणाला. "पाण्याचा कॅन घे आणि काठापर्यंत भरून टाक. झालं काम."

एकेका बॅटरीत तीन घरं, प्रत्येक घराला एक बूच. तिने पहिलं फिरवलं. आत काळोखं भोक, आणि त्यात पाणी. ती वाकली तेव्हा पाण्यात आभाळाचा एक निळा ठिपका दिसला, आणि त्याच्या खाली खोल कुठेतरी शिशाच्या उभ्या पातळ पट्ट्यांच्या कडा. आपण विहिरीत डोकावतो आहोत असं तिला वाटलं. ती तशीच वाकून राहिली.

"व्हर्ना, त्यात मासे नाहीत," हॉलिस म्हणाला.

तेवढ्यात दगडांच्या कडेशी कुणीतरी खाकरलं. माळावर कुणी कुणाच्या दारावर थाप मारत नाही. प्रत्येकाने आपल्या जागेभोवती दगडांची ओळ मांडलेली असते, तिथे उभं राहून आवाज द्यायचा. रोसाल्बा उभी होती, पलीकडच्या निळ्या व्हॅनवाली. ती युमा शहराकडच्या एका कोबीच्या गोदामात वर्षानुवर्षं सामान उचलणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळायची. आता तीही माळावर राहायची, आणि कुणाच्या पेटीचं झाकण उघडलं की तिला राहवायचं नाही.

"दोन्या व्हर्ना खाली आणि डॉन हॉलिस खुर्चीत," ती म्हणाली. दोन्या आणि डॉन ही आदराची स्पॅनिश संबोधनं ती सगळ्यांनाच लावायची. "जग उलटं फिरायला लागलं की काय?"

हॉलिस म्हणाला की जग गेली पन्नास वर्षं असंच फिरतंय, बाहेरून फक्त दिसत नव्हतं. रोसाल्बा हसली. हातातली सिगारेट तिने दगडांच्या बाहेरच वाळूत खुपसली, वरून बुटाने दाबली आणि मग आत आली.

पेटीत बघितल्यावर तिचं हसू थांबलं. तिने बोटाने ओल चाचपली, बोट सोड्यात घातलं. सोडा फसफसला.

"पाणी कधी घालता?" तिने विचारलं.

हॉलिस म्हणाला, सकाळी. ऊन यायच्या आधी.

"काठापर्यंत?"

"कमी पडायला नको म्हणून."

रोसाल्बाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "डॉन हॉलिस, हा कॉफीचा कप नाही. तुम्ही आधी काठोकाठ भरता आणि मग उन्हावर चार्ज करता. चार्ज होताना आतलं पाणी फुगतं, वर येतं, आणि बाहेर सांडताना ॲसिड घेऊन जातं. दुसऱ्या खेपेला तुम्ही परत नुसतं पाणी घालता. लिंबाचं सरबत सांडायचं आणि पेला पाण्याने भरायचा. असं चार वेळा केलं तर काय प्यायला मिळेल?"

हॉलिसने गुडघ्यांवरचं कांबळं नीट केलं. कारखान्यात मोठमोठ्या मोटारी त्याने सांभाळल्या होत्या, पण तिथल्या मोटारींना पाणी पाजावं लागत नसे. आणि वाकून आत बघणं जमेनासं झाल्यापासून तो दांड्याशी खुर्चीत बसूनच पाणी ओतायचा आणि त्याचा अंदाज आवाजावरून घ्यायचा. काठाशी आलं की आवाज बदलतो.

रोसाल्बा व्हॅनमधून काचेची नळी घेऊन आली. वर रबरी फुगा, आत तरंगणारा एक बारीक काटा. तिने नळी भोकात घातली, फुगा दाबून सोडला. नळी भरली आणि आतला काटा वर येऊन डुलायला लागला. तिने ती व्हर्नाच्या हातात दिली.

"काटा उंच तरंगला तर घर भरलेलं. खाली बसला तर रिकामं."

व्हर्नाने नळी उन्हात धरली. "हे तर साधं पाणी दिसतंय."

"दिसतं साधं. पण ऊन खाल्लं की जड होतं. जड झालं म्हणून काटा वर ढकलतं. रात्री तुम्ही वापरलं की परत हलकं."

व्हर्नाने नळी डोळ्यांजवळ आणली. उन्हाने पाणी जड होतं. ती मनात ते वाक्य दोनदा म्हणाली. आपण सत्तरी ओलांडली तरी जगाने ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली होती, आणि ती इथे, आपल्याच दांड्यावर, रोज घडत होती.

एकेक घर त्यांनी तपासलं. डावीकडच्या बॅटरीचा काटा तिन्ही घरांत वर आला. उजवीकडच्या पहिल्या घरात तो मध्येच थांबला, आणि शेवटच्या दोन घरांत जवळजवळ तळाला गेला. रोसाल्बाने नळी पुन्हा भरली, पुन्हा बघितलं.

ती म्हणाली की जोडीतली एक दमली की दुसरीला दोघींचं ओझं ओढावं लागतं. मग तिने विचारलं की पाट्यांचा हिरवा दिवा कधी लागतो, म्हणजे बॅटऱ्या भरल्याचा. व्हर्नाने अभिमानाने सांगितलं की तो केव्हाच लागला, नाश्त्याची अंडी तव्यावर होती तेव्हाच. रोज तेव्हाच लागतो.

"आणि रात्री मशीन चालू असतं?"

"रात्रभर."

रोसाल्बाने व्हर्नाकडे बघितलं. मग हॉलिसकडे. हॉलिस दूर डोंगराकडे बघत होता. तिने नळी साध्या पाण्याने धुतली, फडक्याने पुसली आणि फार वेळ पुसत राहिली.

"रात्रभर ते मशीन ओढलं," ती शेवटी म्हणाली, "तर अशी दमलेली जोडी या वेळी भुकेने ओरडत असते. हिरवा दिवा दुपार उलटल्यावर." एवढं बोलून तिने विषय बदलला.

दाराशी मीटरखाली, पाट्यांतली वीज बॅटऱ्यांत सोडणारी छोटी डबी होती; तिचं बटण तिने दाबून धरलं. आता दिवसभर बॅटऱ्यांत नेहमीपेक्षा जास्त ऊन घुसवायचं, ती म्हणाली. दमलेली घरं खवळली पाहिजेत, तळाला बसलेलं ॲसिड वर आलं पाहिजे. ऊन उतरलं की बंद करायचं, गार झालं की आतल्या शिशाच्या पट्ट्या बुडतील इतकंच पाणी घालायचं, त्यापेक्षा एक थेंब जास्त नाही. बॅटऱ्यांची पेटी उघडी ठेवायची, जवळपास काडी ओढायची नाही, कारण आतून निघणारी हवा भडकते. आणि ट्रेलरमधल्या सगळ्या वस्तूंच्या तारा काढून ठेवायच्या, नाहीतर जळतील. बऱ्या होतील का, असं व्हर्नाने विचारलं. रोसाल्बा म्हणाली की काही होतात, काही नाही. कोबीच्या गोदामात ती अशा बॅटऱ्यांच्या बाजूला उभी राहून त्यांना शिव्या द्यायची, त्याचाही थोडा उपयोग होतो. जाताना तिने व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा जास्त वेळ ठेवला.

तारा काढायला व्हर्ना आत गेली. दिवे, पंप, रेडिओ. शेवटी पलंगाशी वाकून तिने मशीनची तार ओढली. मशीनच्या पोटाला एक बाटली असते. प्राणवायू त्यातल्या पाण्यातून बुडबुडत येतो, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. रोज सकाळपर्यंत ती बोटभर उतरायला हवी. गेल्या रविवारी चर्चचं गाणं रेडिओवर चालू असताना तिने ती रेघेपर्यंत भरली होती. पाणी अजूनही रेघेवरच होतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. झोपताना ती कानांतली ऐकायची यंत्रं काढून ताटलीत ठेवायची. मग जगात कुठलाच आवाज उरायचा नाही. मशीन घुरघुरतंय की नाही हे तिला कळायचं कारण नव्हतं. सकाळी त्याची नखं निळसर दिसायची तेव्हा ती म्हणायची, थंडी फार आहे या माळावर, आणि त्याचे हात आपल्या हातात चोळायची.

ती बाहेर आली तेव्हा पेटीतून बारीक आवाज येत होता. तिने चष्मा लावला आणि वाकून बघितलं. सहाही घरांत पाणी उकळत होतं. बुडबुडे खालून येत होते, फुटत होते, आणि पुन्हा येत होते. जाळ कुठे नव्हता. वर आभाळात एकटा सूर्य, आणि इथे दांड्यावर हे पाणी त्याचं ऐकत होतं. पहाटेपासून माळावर कुठेही वारा नव्हता, आणि तरी काहीतरी चाललं होतं, केवढ्या तरी अंतरावरून. पोत्यावर न बसता ती तशीच उभी राहिली, कुणी मोठं माणूस समोर आल्यावर उभं राहावं तशी.

"खवळल्या का?" हॉलिसने विचारलं.

"हो."

"मला दिसत नाही इथून. आवाज येतोय."

तिने त्याची खुर्ची त्याच्यासकट ओढून पेटीजवळ आणली. तो पुढे झुकून बघत राहिला.

"बाटलीतलं पाणी उतरलेलं नाही," ती म्हणाली.

हॉलिसची मान हलली नाही. बुडबुड्यांकडेच बघत तो हळूहळू बोलायला लागला. आधी एकच रात्र बंद केलं होतं, तो म्हणाला. ढग होते, पाट्यांना ऊन मिळालं नव्हतं, आकडा पडला असता. मशीन बंद झालं आणि एकदम सगळं शांत झालं. कारखान्यात चाळीस वर्षं भोंगे आणि गिरण्या, घरी आल्यावरही कानात तेच. इथे तो उशांना टेकून बसला आणि ऐकत राहिला. रानटी गाढवं आली होती, पत्र्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर. त्यांचा श्वास त्याला ऐकू येत होता. एक गाढव पत्र्याला अंग घासून गेलं. घुबड उडालं तर त्याच्या पंखांचाही आवाज येतो, हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या रात्री त्याने परत बंद केलं.

"दम लागत नव्हता," तो म्हणाला. "बसून राहिलं की नाही लागत. फार नाही."

व्हर्नाने सोड्याच्या डब्याचं झाकण लावलं. काढलं. परत लावलं.

"मी तुझ्या शेजारी झोपलेली असते, हॉलिस. सकाळी हात लावला आणि तू गार असतास, तर मी कुणाला हाक मारली असती? मीटरला?"

तो फार हळू म्हणाला, "आकडा तूच ठरवलास."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने ते भांडणासाठी म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला की गॅरेट चांगला मुलगा आहे, त्याबद्दल काही नाही. पण त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपण दिसतं. आणि दर तासाला कुणीतरी येऊन विचारेल, बाबा, काही हवं का. इथे कुणी विचारत नाही.

"मी विचारते."

"तू विचारत नाहीस. तू हुकूम सोडतेस. ते चालतं मला."

ऊन उतरेपर्यंत ती पेटीपाशीच होती. घरं एकेक करून शांत झाली तेव्हा तिने रोसाल्बाची नळी घातली. शेवटच्या दोन घरांतला काटा तळापासून उठला होता. भरलेल्या घरांइतका नाही, पण उठला होता. तिने भुगा सोड्याच्या पाण्याने धुऊन काढला, टोकं घासली, नटबोल्ट आवळले, आणि प्रत्येक घरात पट्ट्या बुडतील इतकंच पाणी मोजून घातलं. हॉलिस खुर्चीतून आवाज ऐकत होता. त्याच्या सवयीने तो दोनदा म्हणाला, अजून थोडं. तिने थेंब वाढवला नाही.

रात्रीच्या जेवणाला बीन्स आणि मक्याचा पाव होता. ताट बाजूला सारून ती म्हणाली की आज मशीन चालेल. आणि सकाळी जो आकडा येईल तो येईल. खाली गेला तर फोन करायचा, रुसायचं नाही. हॉलिसने पाव मोडला आणि मान डोलावली. त्या रात्री तिने कानांतली यंत्रं काढली नाहीत. मशीन घुरघुरत राहिलं, बाटलीत बुडबुडे येत राहिले, आणि ती जागी झाली की आधी तो आवाज शोधायची. तो दरवेळी तिथे होता.

पहाटे ती उठली तेव्हा ट्रेलरमध्ये राखाडी उजेड होता. तिने आधी त्याचा हात कांबळ्यातून बाहेर काढला आणि खिडकीजवळ धरला. नखं गुलाबी होती. तिने एकेक नख बघितलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग हात परत आत ठेवला, स्वेटर चढवला आणि दाराशी गेली. फोन स्वेटरच्या खिशात होता.

मीटरवर बारा-शून्य होतं.

तिने पुसून बघितलं. बारा-शून्यच. अटीच्या आकड्यापेक्षा एका अंकाने खाली. मागे मशीन घुरघुरत होतं. रात्रभर एकदाही थांबलं नव्हतं. दमलेल्या जोडीने ते सगळं ओढलं होतं, आणि अजून ओढत होती.

तिने दार उघडलं. माळ अजून सावलीत होता. दूर, नदीपलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर तेवढं तांबडं ऊन आलं होतं, आणि ते खाली उतरत होतं. डोंगर सोडून ते माळावर आलं. पहिल्यांदा उंच साग्वारो निवडुंगांच्या शेंड्यांवर, मग खांद्यांवर. एकेका ट्रेलरचा टप उजळायला लागला. रोसाल्बाची निळी व्हॅन अर्धी निळी, अर्धी काळी झाली. कुठे आवाज नव्हता. एवढी मोठी गोष्ट चालत येत होती आणि तिच्या पावलांचा आवाज नव्हता. व्हर्नाने दाराची चौकट धरली.

"किती?" आतून हॉलिसने विचारलं.

ऊन दगडांच्या ओळीपाशी आलं, टपावर चढलं. पाट्यांच्या काचेवर एक रेघ चमकली आणि रुंद होत गेली. व्हर्नाने मीटरकडे बघितलं. शून्याच्या जागी एक आला. थोडा थरथरला, पुन्हा शून्य झाला, पुन्हा एक. मग दोन. तिचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"व्हर्ना? किती?"

"थांब," ती म्हणाली. "अजून उजाडलं नाही."

हॉलिसच्या छातीवरच्या कांबळ्यावर उन्हाचा चौकोन पडला होता. त्याने त्या चौकोनाकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या तिच्या पाठीकडे. नाकाशी आलेली नळी नीट केली.

"बरं," तो म्हणाला.